आरोग्यधाम आणि झोपडी

वैद्यकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधांचाच इतिहास सांगतो. जंतू प्रथम कोणी पाहिला, लस कोणी सिद्ध केली, औषध कोणाच्या प्रयोगशाळेत सापडले, ह्या कथा आपणांस प्रिय आहेत, आणि त्या प्रिय असाव्यात हेही योग्यच आहे. परंतु औषध सापडणे आणि ते गरीब रोग्याच्या मुखी लागणे ह्यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर तोडण्याकरिता जे संशोधन करावे लागते ते सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. ते रोग्यांच्या खाटांपाशी, त्यांच्या घरांत आणि दवाखान्याच्या रांगेत होते. अशा संशोधनाचे एक थोर उदाहरण आपल्याच देशात, १९५६ नंतरच्या तीन वर्षांत, मद्रास शहरी घडले. क्षयरोग्यावर उपचार कोठे करावयाचे, एवढाच साधा प्रश्न तेथे विचारला गेला. त्या प्रश्नाची आणि त्याच्या उत्तराची हकिकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

क्षय हा रोग आपल्याकडे प्राचीन काळापासून राजयक्ष्मा ह्या नावाने ओळखला जातो. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख ह्याने १८८२ च्या मार्च महिन्यात जगापुढे मांडला. परंतु जंतू सापडला म्हणून औषध सापडले असे झाले नाही. त्यानंतर साठ वर्षे वैद्यांच्या हाती विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न ह्यांपलीकडे विशेष काही नव्हते. ह्या तीन गोष्टींवर जी संस्था उभी राहिली तिचे नाव आरोग्यधाम, अथवा लोकांच्या तोंडी रुळलेले सॅनिटोरियम. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हर्मान ब्रेमर ह्याने ती कल्पना प्रथम अमलात आणली आणि पाहता पाहता ती युरोपभर पसरली. आपल्याकडे बेहरामजी मलबारी ह्यांच्या खटपटीने शिमल्याच्या वाटेवर धरमपूर येथे १९०९ साली असे आरोग्यधाम निघाले. महाराष्ट्रात पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम ही नावे जुन्या पिढीस चांगली परिचयाची आहेत. घरातील कर्ता पुरुष अथवा तरुण सून ‘हवा पालटण्यास’ गेली म्हणजे त्याचा अर्थ काय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस वेगळे सांगावे लागत नसे.

ह्या संस्थांतून निष्ठेने काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका होत्या. त्यांची सेवा कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तथापि देशातील रोग्यांची संख्या आणि खाटांची संख्या शेजारी शेजारी मांडली म्हणजे छाती दडपून जाते. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशातील क्षयरोग्यांचा अंदाज सुमारे पंचवीस लाख, दर वर्षी ह्या रोगाने मरणाऱ्यांचा सुमारे पाच लाख आणि क्षयरोग्यांकरिता असलेल्या खाटांचा सुमारे सहा हजार असा दिला आहे. म्हणजे चारशेहून अधिक रोग्यांमागे एक खाट! उपचार आरोग्यधामातच व्हावयाचा असे एकदा ठरविले, की उरलेल्या सर्वांना उपचार नाही असेही ठरविल्यासारखेच होते. ते कोणी मोठ्याने बोलून दाखवीत नसे, इतकेच.

ह्याच सुमारास औषधे आली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत शात्झ आणि वाक्समन ह्यांनी लावला व तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. हे औषध खरोखर किती गुणकारी आहे ह्याची परीक्षा ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने ज्या रीतीने केली, ती रीत वैद्यकाच्या इतिहासात औषधाइतकीच महत्त्वाची ठरली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये औषधाचा साठा अल्प होता. सर्वांना पुरेल इतके ते नव्हतेच. तेव्हा कोणास द्यावयाचे आणि कोणास नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञाने यदृच्छेने निवडलेल्या अंकांच्या आधारे ठरविले व ते निर्णय बंद पाकिटांत ठेवले. हा हिल तरुणपणी स्वतः क्षयाने अंथरुणास खिळला होता आणि त्यापायी डॉक्टर होण्याचा त्याचा मनोदय सुटला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रयोगात १०७ रोगी होते. सहा महिन्यांत, औषध व विश्रांती मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ मरण पावले. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. हा निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट दिसून आली. एकटे औषध दिले असता जंतू त्यास दाद देईनासा होतो. म्हणून औषधे जोडीने द्यावयाची, हा धडा पॅस ह्या दुसऱ्या औषधाच्या साहाय्याने थोड्याच वर्षांत मिळाला. १९५२ साली आयसोनायझिड आले. ते स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि गुणकारी होते.

आता प्रश्न उभा राहिला तो असा. औषध जर गोळ्यांच्या रूपाने तोंडावाटे घ्यावयाचे, तर ते घेण्यासाठी माणसाने वर्षभर डोंगरावर जाऊन का पडावे? तर्काने पाहिल्यास प्रश्न सोपा वाटतो. परंतु त्या काळच्या वैद्यांच्या मनातील शंका निराधार नव्हत्या. घरी पोटभर अन्न नाही, विश्रांती नाही. मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही. एका खोलीत सहा-सात माणसे दाटीवाटीने राहतात; त्यांत तान्ही मुले आहेत. खोकणारा बाप तेथेच निजतो. गोळ्या वेळेवर घेतल्या जातील ह्याची शाश्वती काय? घरी उपचार करणे म्हणजे एका रोग्याचे पाच रोगी करणे नव्हे काय? ह्या शंकांचे उत्तर वादविवादाने मिळण्याजोगे नव्हते. ते पाहूनच ठरवावयास हवे होते.

त्याकरिता १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांचा त्यास हातभार होता. कामाचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स ह्यांच्याकडे आले. शहरातील गरीब वस्त्यांतील, थुंकीत जंतू आढळलेले १९३ रोगी ह्या अभ्यासात घेण्यात आले. आरोग्यधामात कोणी जावयाचे आणि घरी कोणी राहावयाचे हे हिलच्या रीतीनेच, जणू चिठ्ठ्या टाकून, ठरले. औषध दोन्हीकडे एकच, आयसोनायझिड आणि पॅस. मुदतही एकच, एक वर्ष. आरोग्यधामातील रोग्यांस खाट, चांगला आहार, परिचारिकेची देखरेख आणि तिच्या नजरेसमोर औषध मिळे. घरचे रोगी केंद्रात येऊन औषध घेऊन जात. केंद्राची माणसे त्यांच्या घरी जात, कधी न सांगताही जात, उरलेली औषधे मोजीत. लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत.

निष्कर्ष १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर घरच्या रोग्यांपैकी ८६ टक्क्यांचा आणि आरोग्यधामातील रोग्यांपैकी ९२ टक्क्यांचा रोग जंतूंच्या तपासणीनुसार शांत झाला होता. रोग्यांची संख्या पाहता हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान होता. पुढे ह्या रोग्यांवर पाच वर्षे नजर ठेवली, तेव्हा रोग उलटण्याच्या प्रमाणातही दोहोंत म्हणण्याजोगे अंतर दिसले नाही. सर्वांत मोठी भीती होती ती घरातील मुलाबाळांची. त्यांचीही पाच वर्षे तपासणी झाली. ज्यांचा रोगी घरी होता आणि ज्यांचा रोगी वर्षभर दूर ठेवला होता, त्या दोन्ही प्रकारच्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. कारण उघड आहे. रोग ओळखला जाण्याच्या आधीच्या महिन्यांत व्हावयाचा तो संसर्ग बहुतांशी होऊन गेलेला असतो. आणि औषध सुरू झाल्यावर रोग्याची संसर्ग पसरविण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. मुलाचे रक्षण बापाला दूर धाडून होत नाही. ते बापाला लवकर औषध सुरू करून होते.

ह्या निष्कर्षाचा परिणाम मद्रासपुरता राहिला नाही. दूरदूरच्या देशांतून आरोग्यधामांची गरज नाहीशी होत गेली. भारतात १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, तो घरच्या उपचाराच्याच पायावर. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन ह्यांनी १९६३ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तिने आणखी एक भ्रम दूर केला. खेड्यातील रोगी अडाणी, म्हणून तो दवाखान्यात येत नाही, अशी सर्वांची समजूत होती. पाहता असे आढळले, की निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन उपचार शोधीत गेले होते आणि पुष्कळांना केवळ खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. म्हणजे दोष रोग्याच्या अज्ञानापेक्षा दवाखान्याच्या दृष्टीत अधिक होता.

मद्रासच्या प्रयोगावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. रोग्याने कोठे राहावयाचे हे चिठ्ठीने ठरविणे माणुसकीस धरून आहे काय? आम्हांस वाटते, ह्याचे उत्तर भोर समितीच्या आकड्यांतच आहे. चारशे रोग्यांपैकी एकास खाट मिळत होती ती ओळखीने, पैशाने अथवा दैवाने. तीही एक प्रकारची चिठ्ठीच होती. फरक इतकाच, की त्या चिठ्ठीतून कोणी काही शिकत नव्हते. दोन्ही उपचारांपैकी अधिक चांगला कोणता हे खरोखरच ठाऊक नसताना प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न रोग्याचा अपमान करीत नाही. न तपासलेली दयाच पुष्कळदा अधिक निष्ठुर ठरते. कारण ती थोड्यांस सर्व काही देते आणि बाकीच्यांस काहीच देत नाही.

तथापि ह्या कथेचा दुसरा भाग सांगितला नाही तर ती अर्धवट राहील. त्याच प्रयोगात आहाराचाही अभ्यास झाला होता व तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले. पण घरी हलके अन्न खाणारे रोगीही औषधाने तितकेच बरे झाले. ह्यावरून औषध असले म्हणजे विशेष आहारावाचून रोग बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले. परंतु पुढे जगात ह्याचा अर्थ हळूहळू असा होत गेला, की क्षयाच्या बाबतीत अन्नाचा प्रश्न फारसा महत्त्वाचाच नाही. प्रयोगाने असे म्हटले नव्हते. त्याने विचारले होते ते थुंकीतील जंतू जातात की नाही एवढेच. भुकेल्या घरात नवा क्षय का उपजतो, हे त्याने विचारलेच नव्हते.

तो प्रश्न विचारला जाण्यास सहा दशके लागली. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ ह्या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २,८०० क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास केला. अन्न सर्वच रोग्यांस दिले. घरच्या माणसांस मात्र निम्म्या गटात तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दरमहा पुरविल्या आणि उरलेल्या गटात नाही. २०२३ साली निष्कर्ष आला तो असा, की अन्न मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. ह्या कामात मद्रासच्या त्या जुन्या केंद्राचाही वाटा होता. आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ह्या नावाने चेन्नईत उभे आहे. ज्या संस्थेने औषधापुढे आहार गौण ठरविला, तिनेच घराच्या रक्षणाकरिता आहार आवश्यक आहे हे दाखविण्यास हात दिला. ह्यात विसंगती नाही. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

औषध घेण्याच्या रीतीबाबतही असेच झाले. घरचा रोगी गोळ्या चुकवितो हे मद्रासमध्येच दिसले, म्हणून आठवड्यातून दोनदा नजरेसमोर औषध देण्याची रीत तेथेच तपासली गेली. पुढे आपल्या सुधारित कार्यक्रमाने दिवसाआड नजरेसमोर औषध देण्याचा मार्ग घेतला. आणि २०१७ साली तोही सोडून रोजचे औषध देशभर सुरू झाले. एका पिढीचा सिद्धांत दुसऱ्या पिढीने तपासावा, ह्यात पहिलीचा उपमर्द नसतो. तिचाच वारसा चालविला जातो.

आज जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. औषधे आहेत, ती सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात, आणि २०१८ पासून रोग्याच्या आहारासाठी दरमहा काही रक्कमही दिली जाते. तरीही रोग जात नाही. म्हणजे विचारावयाचे प्रश्न अद्याप संपलेले नाहीत. ते कोणाच्या डोळ्यांनी विचारावयाचे, हा धडा मद्रासच्या त्या १९३ माणसांनी आपणांस दिला आहे. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांनी वर्षभर कडू औषधे गिळली, मागितली तेव्हा थुंकी दिली आणि अनोळखी माणसांस आपल्या एकुलत्या एका खोलीत येऊ दिले. पुढे कोट्यवधी रोग्यांस घर न सोडता बरे होता आले, त्याचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच त्यांचेही आहे. ते ऋण फेडावयाचे असेल तर मार्ग एकच आहे: रोगी दारात येऊन खोकला म्हणजे त्यास खोकल्याचे औषध देऊन परत पाठवावयाचे नाही.