द्रुतगती नर्सिंग पदवी अभ्यासक्रम (अमेरिका)

द्रुतगती नर्सिंग पदवी अभ्यासक्रम (अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, संक्षेप: एबीएसएन) हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांत चालणारा परिचर्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे. परिचर्येखेरीज अन्य विषयात ज्यांनी आधीच पदवी घेतली आहे, अशांसाठीच तो असतो. म्हणून त्याला ‘दुसऱ्या पदवीचा अभ्यासक्रम’ असेही म्हणतात. एरवी चार वर्षे लागणारी नर्सिंगची पदवी येथे साधारणतः ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होते. पहिल्या पदवीतील भाषा, सामाजिक शास्त्रे आदी सामान्य विषयांचे श्रेयांक ग्राह्य धरल्यामुळे आणि सुट्ट्यांतही वर्ग चालू ठेवल्यामुळे हा वेळ वाचतो. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाला मात्र सूट नसते.

पार्श्वभूमी

असा पहिला अभ्यासक्रम १९७१ साली मिसूरी राज्यातील सेंट लुईस विद्यापीठाने सुरू केला. पुढे परिचारिकांच्या टंचाईमुळे इतर विद्यापीठांनीही तो स्वीकारला. २०१० साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा करून नव्या नोंदणीकृत परिचारिकांना दहा वर्षांच्या आत पदवी मिळवणे बंधनकारक केले. यामुळे पदविकेपेक्षा पदवीकडे ओढा वाढला. जॉन्स हॉपकिन्ससारख्या काही विद्यापीठांनी मात्र द्रुतगती पदवी बंद करून तिच्या जागी थेट पदव्युत्तर प्रवेशाचा मार्ग ठेवला आहे.

पात्रता आणि पूर्वअट विषय

अर्जदाराकडे मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असावी लागते. किमान सरासरी गुणांक बहुधा ४ पैकी ३.० असतो, पण स्पर्धेमुळे किमान गुणांकावर प्रवेश मिळेलच असे नाही. खरी कसोटी पूर्वअट विषयांची असते. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्रयोगशाळेसह दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानवी विकासाचे मानसशास्त्र आणि पोषणशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी मागितले जातात. इतिहास किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हे विषय आधी एखाद्या सामुदायिक महाविद्यालयात पूर्ण करावे लागतात आणि त्यातच वर्षभर जाऊ शकते. म्हणजे जाहिरातीतील बारा महिने हे अनेकांच्या बाबतीत निम्मेच चित्र असते.

अनेक विद्यापीठांत विज्ञान विषय पाच, सात किंवा दहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. चाळिशीत व्यवसाय बदलणाऱ्याला जीवशास्त्राची पदवी असूनही शरीरक्रियाशास्त्र पुन्हा शिकावे लागते ते यामुळे. ही मुदत, तसेच विषय पुन्हा देण्याची मर्यादा, प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे ठरवते.

अर्जप्रक्रिया

अनेक महाविद्यालये नर्सिंगकॅस या सामायिक अर्जसेवेद्वारे अर्ज स्वीकारतात. काहींची स्वतःची पद्धत आहे. नर्सिंगकॅसमध्ये अर्जदाराने आजवर शिकलेल्या प्रत्येक महाविद्यालयातील प्रत्येक विषय, अर्धवट सोडलेले व पुन्हा दिलेले विषय धरून, नोंदवायचा असतो. गुणपत्रके संबंधित महाविद्यालयांकडून अधिकृतपणे यावी लागतात. त्यांची पडताळणी झाल्यावरच अर्ज पुढे जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज पुष्कळदा मुदतीनंतरचा ठरतो.

टीईएएस किंवा हेसी ए२ ही प्रवेशपरीक्षा काही विद्यापीठांत आवश्यक असते. टीईएएसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग असतात. याखेरीज शिफारसपत्रे, निवेदन आणि काही ठिकाणी मुलाखत असते. निवेदनात ‘लोकांना मदत करण्याची आवड’ सगळेच लिहितात. परिचारिकेचे काम प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी अनेक अर्जदार आधी नर्सिंग साहाय्यक म्हणून काम करतात किंवा रुग्णालयात स्वयंसेवा करतात.

प्रवेश निश्चित झाल्यावर पार्श्वभूमी तपासणी, अमली पदार्थ चाचणी, कावीळ ब, गोवर, कांजिण्या आदींच्या लसीकरणाचे वा प्रतिकारशक्तीचे दाखले, क्षयरोग चाचणी आणि जीवरक्षक प्राथमिक उपचारांचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्यांवाचून रुग्णालये विद्यार्थ्याला कक्षात येऊ देत नाहीत.

नर्सिंग महाविद्यालयांत अध्यापकांची व रुग्णालयातील प्रशिक्षणजागांची कमतरता असल्याने दरवर्षी हजारो पात्र अर्ज नाकारले जातात. परिचारिका कमी आहेत म्हणून प्रवेश सोपा असेल, हा तर्क त्यामुळे खोटा पडतो.

मान्यता

अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: राज्याच्या परिचर्या मंडळाची मंजुरी आणि सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेचे अधिस्वीकरण. मंजुरी नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी घेऊन एनक्लेक्स-आरएन या परवाना परीक्षेला सहसा बसता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील तीन संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग प्रमाणपत्रे विकल्याचे प्रकरण अमेरिकी न्याय खात्याने उघड केले. विद्यापीठाचा एनक्लेक्स उत्तीर्णतेचा दर अनेक राज्यांची मंडळे जाहीर करतात. तोही पाहण्यासारखा असतो.

खर्च

पहिली पदवी असलेल्याला संघीय पेल अनुदान मिळत नाही. संघीय कर्ज मिळते, पण स्वावलंबी पदवी-विद्यार्थ्यासाठी त्याची एकूण मर्यादा ५७,५०० डॉलर आहे आणि पहिल्या पदवीचे कर्जही तीत मोजले जाते. अभ्यासक्रम पूर्णवेळ असून बहुतेक महाविद्यालये त्या काळात नोकरी न करण्याचा सल्ला देतात. साहजिकच शुल्काइतकाच बुडणाऱ्या पगाराचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. संघीय ‘नर्स कोअर’ शिष्यवृत्तीत शुल्क व विद्यावेतन मिळते, मात्र त्या बदल्यात परिचारिकांची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षे सेवा द्यावी लागते. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या तुकडीपर्यंत थांबावे लागते, तर दोनदा अनुत्तीर्ण झाल्यास अनेक ठिकाणी प्रवेशच रद्द होतो. कर्ज तेवढे उरते.

भारतीय पदवीधर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, विशेषतः जोडीदाराच्या नोकरीमुळे तेथे गेलेल्या मराठी भाषकांपुढे पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो. भारतातील तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवी काही विद्यापीठे अमेरिकी पदवीसमान मानतात, काही मानत नाहीत. मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचे निकषही एकसारखे नाहीत. त्यामुळे मूल्यमापनाचे शुल्क भरण्याआधी विद्यापीठ कोणत्या संस्थेचा अहवाल स्वीकारते हे विचारून घेणे हिताचे ठरते. एच-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, परंतु नोकरीसाठी वेगळी परवानगी लागते. भारतात नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्यांना हा अभ्यासक्रम लागू नाही. त्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी होऊन ते थेट परवाना परीक्षेकडे जातात.

भारतात अन्य शाखेच्या पदवीधरासाठी अशी सोय नाही. त्याला बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या आधारे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा लागतो. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग पदवी आहे, पण ती जीएनएम पदविकाधारक परिचारिकांसाठी आहे.