पार, ओसरी आणि चावडी

जुन्या गावगाड्यात माणसे बोलायला जमत ती मुख्यतः तीन ठिकाणी. वडाखालचा पार कोणा एकाच्या मालकीचा नसे. मात्र त्यावर कोणी टेकावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे गावरीत ठरवीत असे. वाड्याची ओसरी धन्याची असे. तेथे बसणे सुखाचे खरे, पण ते धन्याची मर्जी असेतोवर. चावडी ही सरकारदरबारची. तेथे उच्चारलेल्या शब्दाची नोंद राहण्याचा संभव असे. म्हणून जागा कोणती, यावर बोलणे कसे होईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असे. हाच जुना प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अगदी अनपेक्षित क्षेत्रात नव्याने उभा राहिला. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर, दूरदूरच्या माणसांनी एकत्र येऊन खेळायचे खेळ. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशा खेळगड्यांच्या संघांना बोलण्यासाठी एखादे साधन निवडणे भाग पडले. वरवर पाहता ही निवड केवळ यंत्राची होती. वस्तुतः ती जागेची निवड होती.

आरंभी हे खेळगडी बोलत नसत, लिहीत असत. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यातील गुहा, अरण्ये आणि शत्रू हे सारे शब्दांतच वर्णिलेले असे आणि खेळाडूंचा आपसांतील संवादही टंकलिखितच असे. १९८८ साली फिनलंडमधील ओउलू येथे यार्को ओइकारिनेन याने ‘आयआरसी’ ही लेखी गप्पांची व्यवस्था निर्माण केली आणि पुढे कित्येक वर्षे खेळाडूंचे संघ तेथेच भेटत राहिले. खेळ संथ होता तोवर लेखणीने भागत होते. परंतु १९९६ साली ‘क्वेक’सारखे वेगवान युद्धखेळ आले आणि अडचण उघड झाली. खेळाडूचे दोन्ही हात शस्त्र चालविण्यात गुंतलेले. साथीदाराला सावध करण्यासाठी जो हात उचलून अक्षरे टंकू लागे, तोच पहिल्यांदा मारला जाई. आवाजाची गरज निर्माण झाली ती अशी. जिभेच्या हौसेपेक्षा हातांच्या अडचणीतून.

संगणकांच्या जाळ्यावरून मानवी वाणी पाठविता येते, हे तोपर्यंत सिद्ध झालेले होते. १९७४ साली अमेरिकेत ‘अर्पानेट’ या जाळ्यावरून कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स या दोन टोकांमध्ये असे प्रयोग झाले होते. डॅनी कोहेन हे त्यांतील एक प्रमुख नाव. या कार्याचे तत्त्व समजण्यासारखे आहे. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा अंकांत बदलून त्याचे पुडके बांधावयाचे आणि पलीकडे ती पुडकी क्रमाने उलगडावयाची. पत्रातील एखादे पान हरवले तर ते पुन्हा मागविता येते. संभाषणात तसे करून चालत नाही. कारण उशिरा पोहोचलेला शब्द हा न पोहोचलेल्या शब्दाहून अधिक घोटाळा करतो. म्हणून येथे हरविलेले पुडके सोडून द्यावयाचे आणि पुढे जावयाचे. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे प्रमाण सांगते. दुसरी अडचण वाटेच्या अरुंदपणाची होती. टेलिफोनचा आवाज अंकरूपात नेण्यास सेकंदाला ६४ हजार बिट लागत. पण त्या काळातील घरगुती मोडेमची कमाल क्षमता होती ५६ हजारांची, आणि त्याच वाटेने खेळही चालावयाचा होता. तेव्हा आवाज पुष्कळ पिळून, आकसूनच पाठवावा लागे.

हे जमवून दाखविणाऱ्या पहिल्या लोकप्रिय साधनांपैकी एक म्हणजे १९९९ चे ‘रॉजर विल्को’. नाव बिनतारी संदेशवाहकांच्या परिभाषेतून उचललेले : ‘रॉजर’ म्हणजे संदेश मिळाला आणि ‘विल्को’ म्हणजे त्याप्रमाणे करतो. पाठोपाठ २००१ साली जर्मनीत ‘टीमस्पीक’ आणि २००२ साली अमेरिकेत ‘व्हेंट्रिलो’ ही साधने आली. या दोहोंनी संघांपुढे एक नवी जबाबदारी ठेवली. संभाषण चालविण्यासाठी एक मध्यवर्ती संगणक, म्हणजे सर्व्हर, कोणी तरी अहोरात्र चालू ठेवावयास हवा होता. व्हेंट्रिलोचा फुकट सर्व्हर आठच माणसांपुरता चाले. पुढे आलेल्या टीमस्पीकच्या तिसऱ्या आवृत्तीत परवान्यावाचून बत्तीस जणांची सोय होती. त्याहून मोठ्या संघाला जागा भाड्याने घ्यावी लागे. मग वर्गणी आली, वर्गणी गोळा करणारा आला आणि ती कोणी थकविली याची कुरकुरही आली. गल्लीतील उत्सवमंडळ चालविण्यास जी चिकाटी लागते, तीच येथेही लागली. पण त्या वर्गणीच्या मोबदल्यात संघाला एक गोष्ट मिळे : दाराची किल्ली. कोणास आत घ्यावे, कोणास बाहेर काढावे, कोणाचा आवाज काही काळ बंद ठेवावा, हे सारे संघ स्वतः ठरवू शके.

या किल्लीचे मोल २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ आल्यावर विशेष कळले. त्यातील मोठ्या मोहिमांना आरंभी चाळीस खेळाडू एकाच वेळी लागत. चाळीस माणसे एका खोलीत बोलू लागली तर बाजार भरावयास वेळ लागत नाही. म्हणून संघांनी शिस्त बसविली. कळ दाबल्याखेरीज आवाज जाऊ नये, म्हणजे कोणाच्या घरातील पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट इतरांच्या कानी पडत नाही. मोहिमेच्या नायकाने बोलावे व इतरांनी ऐकावे, आणि जखमींवर उपचार करणाऱ्यांसाठी वेगळी खोली असावी, असेही नियम झाले. साधनाने दिलेल्या अधिकारांच्या चौकटीतून संघाची राज्यघटनाच हळूहळू आकारास आली.

२००५ साली थोरवाल्ड नाटविग याने सुरू केलेले ‘मंबल’ हे साधन या मार्गावर आणखी पुढे गेले. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली होती, विलंब अत्यल्प होता आणि संभाषण सांकेतिक रूपात जात होते. ज्या खेळांत सोय होती तेथे साथीदार ज्या दिशेस उभा असेल त्याच दिशेने त्याचा आवाज ऐकू येई. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलंडमधील कंपनीच्या अंतराळखेळातील महासंघांना आपल्या ताब्यातील अशी जागा मोलाची वाटे. कारण त्या खेळात हेरगिरी हाही खेळाचाच भाग होता आणि शत्रूच्या खोलीत मुकाट बसून बेत ऐकणारे हेर खरोखरच असत. जानेवारी २०१४ मध्ये तेथे बी-आर-५-आर-बी या ताराप्रदेशात प्रचंड लढाई झाली. निमित्त क्षुल्लक होते : एका पक्षाचा त्या प्रदेशावरील ताब्याचा कर भरावयाचा राहून गेला. सुमारे एकवीस तास चाललेल्या त्या संग्रामात सात हजारांहून अधिक खेळाडूंनी भाग घेतला आणि ‘टायटन’ वर्गाची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. एवढ्या गर्दीचा भार पेलण्यासाठी खेळातील काळ एक-दशांश गतीने चालविण्यात आला होता. जहाजे मुंगीच्या पावलाने सरकत होती. पण सेनापतींचे शब्द मात्र खेळाबाहेरील वाटेने, नेहमीच्याच वेगाने जात होते. खेळ आणि संभाषण यांची जागा वेगळी असण्याचा अर्थ याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

आवाजाने संघांत नेमके काय घडते, याचाही अभ्यास झाला. २००७ साली दिमित्री विल्यम्स, स्कॉट कॅप्लन आणि ली शाँग यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही संघांना आवाजाची जोड दिली, काहींना लेखनावरच ठेवले. आवाज लाभलेल्या संघांत परस्परांविषयीचा विश्वास आणि आपुलकी अधिक आढळली. परंतु या नाण्याला दुसरी बाजू होती. अक्षरांमागे माणूस लपू शकतो, आवाजामागे नाही. स्त्री की पुरुष, मूल की प्रौढ, कोणत्या मुलुखातील, हे आवाज सांगून टाकतो. ‘हॅलो ३’ या खेळात आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच वाक्ये पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजात ऐकवून जेफ्री कुझ्नेकॉफ आणि लिंडसे रोझ यांनी इतरांचे प्रतिसाद नोंदविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार स्त्रीच्या आवाजाच्या वाट्याला पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट नकारात्मक शेरे आले. ज्यांस ऐकू येत नाही किंवा बोलणे जड जाते, त्यांच्यापुढे तर केवळ आवाजाची खोली म्हणजे बंद दारच. पारावर कोणी टेकावे, हा प्रश्न येथेही सुटलेला नव्हता. तेव्हा सुज्ञ संघांनी आवाजाबरोबर लेखनाचीही सोय राखली आणि उद्धटाला दार दाखविण्याचा अधिकार जपला.

दुसरीकडे, खेळाच्या मालकांनी स्वतःच आवाजाची सोय करण्याचाही मार्ग होता. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केले तेव्हा आरंभसंचातच कानाला लावावयाचे बोलके यंत्र दिले. भारतात २०१८ साली आलेल्या ‘पबजी मोबाइल’मध्येही आवाज खेळातच गुंफलेला होता. स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे लक्षावधी तरुण भ्रमणध्वनीवरच चार-चारांचे चमू करून, आपापल्या भाषांत बोलत खेळू लागले. वेगळे साधन नको, वर्गणी नको, किल्लीची काळजी नको. मात्र २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ११८ ॲप्सवर बंदी घातली त्यांत हा खेळही होता आणि ३० ऑक्टोबरला भारतातील त्याची सेवा थांबली. ज्या चमूंची भेटण्याची दुसरी जागा नव्हती, त्यांचा खेळाबरोबर संवादाचा धागाही तुटला. बंदीची कारणे योग्य की अयोग्य हा प्रश्न निराळा. खेळ आणि बैठक एकाच छपराखाली असली की दोन्ही एकदमच उठतात, एवढे मात्र त्यातून दिसले.

या सर्वांत मोठे वळण आले ते मे २०१५ मध्ये. तोपर्यंत अनेक खेळाडू २००३ साली निघालेले ‘स्काइप’ वापरीत; ते फुकट होते, पण त्यातून खेळाडूच्या संगणकाचा जाळ्यावरील पत्ता प्रतिस्पर्ध्याला हुडकता येई आणि त्या पत्त्यावर निरर्थक संदेशांचा मारा करून त्याला ऐन सामन्यात लुळा करता येई. जेसन सिट्रन आणि स्टॅनिस्लाव्ह विश्नेव्हस्की यांच्या ‘डिस्कॉर्ड’ने हा पत्ता झाकला. २०१२ साली प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही खुली आवाज-संकोचनपद्धती वापरल्याने आवाज स्वच्छ झाला. आवाज आणि लेखन एकाच ठिकाणी आले, आमंत्रणाचा एक दुवा दाबला की आत, आणि सारे फुकट. वर्गणी गोळा करून थकलेल्या संघांनी थोड्याच वर्षांत तेथे बिऱ्हाड हलविले. यात त्यांचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. रात्री-बेरात्री बंद पडलेला सर्व्हर सावरणाऱ्या त्या एका बिनपगारी गड्याला विचारले, तर त्याने हा दिवस सणाचा मानला असता.

परंतु शब्दाने भुलू नये. डिस्कॉर्डवर प्रत्येक संघाच्या जागेला ‘सर्व्हर’ असेच म्हणतात. ती जागा मात्र संघाच्या यंत्रावर नसून कंपनीच्या वाड्यातील एक दालन आहे. ओसरी प्रशस्त आहे, पण धनी दुसरा आहे. बोललेला शब्द विरून जातो. लिहिलेला तेथे साठत राहतो, आणि संघाने वर्षानुवर्षे जमविलेले ज्ञान धन्याच्या कोठारात पडते. कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आवाजासाठी दोन्ही टोकांपर्यंत सांकेतिक संरक्षण जाहीर केले, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. लेखी संदेशांना मात्र तसे संरक्षण नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिनेच कळविले की, एका बाहेरच्या सेवापुरवठादाराकडील चोरीत सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असण्याचा संभव आहे. वाडा नसला तरी ओसरीचाच झाला की चावडीही फारशी दूर राहत नाही. आणि वाडेही अक्षय नसतात. ‘रॉजर विल्को’ पुढे ज्या गेमस्पायकडे गेले, त्या गेमस्पायच्या सेवा २०१४ साली थांबल्या. खेळाडूंचे एके काळचे आवडते ‘एक्सफायर’ २०१५ साली मिटले. मायक्रोसॉफ्टने २०११ साली साडेआठ अब्ज डॉलरना घेतलेले स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले.

म्हणून आवाजाचे साधन निवडणाऱ्या संघापुढे आवाज किती स्वच्छ, हा प्रश्न आज सर्वांत लहान आहे. तो बहुतेक साधनांनी सोडविला आहे. राहतात ते जुनेच प्रश्न. दाराची किल्ली कोणाकडे? बोलण्याची नोंद कोणाच्या वहीत? ज्याचा आवाज वेगळा किंवा क्षीण आहे त्याला बसावयास जागा आहे काय? आणि उद्या छप्पर गेले तर मंडळी पुन्हा कोठे भेटणार? मंबल आणि टीमस्पीक आजही चालू आहेत, वर्गणी आणि चिकाटी मागत आहेत. डिस्कॉर्डही आहे, काहीच न मागितल्यासारखे दिसत आहे. पुष्कळ संघ नित्याच्या गप्पा ओसरीवर करतात आणि अडीअडचणीसाठी एक लहानसा पार स्वतः बांधून ठेवतात. १९९९ पासून अनेकदा बिऱ्हाड हलविलेल्या या मंडळींना एवढे व्यवहारज्ञान त्यांच्या इतिहासानेच दिले आहे.