पेटीतील कागद

परभणीकडील आपल्या ज्ञातीच्या जुन्या घरांत एखादी शिसवी पेटी असते, आणि तिच्यात कापडात बांधलेले कागद असतात. कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत ते लिहिले आहेत, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

निजामी राज्यात 1884 साली फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. येथील बहुसंख्य रयत मराठी बोले. परंतु तहसील व अदालत यांचा कारभार उर्दूत चाले, आणि सनही फसली. आपलेच गाऱ्हाणे दुसऱ्याच्या लेखणीने मांडावयाचे आणि त्यावरचा हुकूम दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचा! अशाने मनुष्य कायद्यापेक्षा मध्यस्थालाच अधिक भिऊ लागतो. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो थोर प्रयोग, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र ती देशी भाषा मराठी, तेलुगू वा कानडी मुलांच्या घरची नव्हती.

1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूर येथे. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. 1981 साली ते जालना जिल्ह्यात गेले. अधिवेशनाच्या पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' पत्र काढले, तेही संस्थानाबाहेर पुण्याहून. बंदी आली की नाव पालटून ते पुन्हा निघे.

1948 साली संस्थान विलीन झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. कचेरीची भाषा पालटली, तरी खासरा, सेतवार हे शब्द आपल्या तोंडी राहिले. त्यांचा मला मुळीच राग नाही. ते आता आपलेच आहेत. अडचण आहे ती कागदांची.

आमच्या घरचेच सांगतो. एका विहिरीवरून आमच्या दोन चुलत घरांत कित्येक वर्षे अबोला होता. लग्नाचे बोलावणेही जात नसे. विहिरीचा कागद पेटीतच होता, पण वाचणार कोण? अखेर उर्दू शाळेतील एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दाखविला. दोन्ही घरांचे निम्मे-निम्मे पाणी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मजकूर उर्दूत, आणि खाली दोघा भावांच्या सह्या मोडीत. त्या वाचण्यास आम्हांस आणखी एक जाणकार शोधावा लागला.