मोटारीचा भोंगा आणि चोर

दिवाळीच्या रात्री सुतळी बॉम्ब फुटला की गल्लीतल्या चार-पाच मोटारी एकदम केकाटू लागतात. दिल्ली असो, इंदूर असो वा पुणे, पुढचा क्रम ठरलेला असतो. कोणीतरी गॅलरीत येऊन किल्लीचे बटण दाबतो, उरलेल्या गाड्या आपोआप गप्प होतात, आणि चोर आला असेल अशी शंका एकाच्याही मनात येत नाही. चोराला पळवून लावण्यासाठी बसवलेले यंत्र ऐकून कोणाला चोराची आठवणही होऊ नये, ही गोष्ट विनोदी खरी. पण तिच्यामागे काही दशकांचा, बऱ्यापैकी काळजीने मोजलेला इतिहास आहे. अलार्ममुळे मोटारीची चोरी खरोखर थांबते का, या प्रश्नाला आज आकड्यांत उत्तर देता येते.

मोटारचोरीवर यंत्राने मात करता येते, याचा पहिला मोठा पुरावा आवाज न करणाऱ्या यंत्राने दिला. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टीअरिंगचे कुलूप सक्तीचे केले, आणि १९६३ पर्यंत ही सक्ती जुन्या-नव्या सर्व मोटारींना लागू झाली. चोऱ्या उतरल्या आणि पुढेही उतरलेल्याच राहिल्या. ब्रिटनने १९७१ मध्ये तेच कुलूप आणले, पण केवळ नव्या गाड्यांसाठी. तिथे नव्या गाड्या सुरक्षित झाल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. उपकरण एकच, निकाल दोन. गुन्हेशास्त्रात याला गुन्ह्याचे स्थलांतर म्हणतात. ही संकल्पना ध्यानात ठेवावी, कारण कोणत्याही सुरक्षा-उपकरणाच्या जाहिरातीत ती हमखास वगळलेली असते.

अलार्मचा सुवर्णकाळ आला तो अमेरिकेत, १९८० च्या दशकात आणि त्यानंतर. तेथील मोटारचोरी १९९१ मध्ये शिखरावर पोचली: एका वर्षात सुमारे १६.६ लाख वाहने. एकट्या न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये सुमारे १,४७,००० चोऱ्यांची नोंद झाली, म्हणजे दर पन्नास रहिवाशांमागे एक. विमा कंपन्या अलार्म बसवणाऱ्याला हप्त्यात सूट देत, त्यामुळे बाजारपेठ फुगत गेली. जवळून गेलेला ट्रक, ढगांचा गडगडाट, बंपरला लागलेला हलकासा धक्का, यांपैकी काहीही भोंगा सुरू करायला पुरेसे होते. शहराच्या ध्वनिनियमांत अखेर अशी तरतूद आली की मोटारीचा अलार्म तीन मिनिटांच्या आत आपोआप बंद झालाच पाहिजे. चोरापासून वाचवणाऱ्या यंत्रापासून नागरिकांना वाचवण्यासाठी नियम करावा लागला!

मग पहिला मोठा हिशेब झाला. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट ही अमेरिकी वाहनविमा कंपन्यांच्या पाठबळावर चालणारी संस्था आहे. तिने १९९७ मध्ये सुमारे ७.३ कोटी वाहनांच्या विमा-दाव्यांची छाननी केली. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदर घट दिसून आली नाही.

येथे चिकित्सक वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. अलार्म कोण बसवतो? ज्याची गाडी महाग आहे, किंवा ज्याच्या वस्तीत चोऱ्या अधिक आहेत, तो. म्हणजे अलार्म असलेल्या गाड्यांवर चोराची नजर आधीच अधिक असते, आणि साध्या तुलनेत अलार्मचा खरा उपयोग झाकला जाऊ शकतो. आक्षेप रास्त आहे. त्यासाठी अशी परिस्थिती हवी की उपकरण कोणत्या गाडीत असावे हे मालकाने ठरवलेले नसेल. तशी परिस्थिती पुढे युरोपात निर्माण झाली, पण वेगळ्या उपकरणाबाबत. तिच्याकडे वळण्यापूर्वी भोंगा का फसतो ते पाहू, कारण त्यामागचे गणित मोटारीपुरते मर्यादित नाही.

समजा, एखाद्या गाडीला हात लावण्याचा प्रयत्न सरासरी ३,००० रात्रींतून एकदा होतो, म्हणजे साधारण आठ वर्षांत एकदा. समजा, अलार्म उत्तम आहे आणि असा प्रयत्न झाल्यास ९५ टक्के वेळा वाजतो. आणि समजा, तो विनाकारण वाजतो ते शंभर रात्रींतून केवळ एकदा. हे आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत, आणि ते अलार्मला झुकते माप देणारेच आहेत. आता ३,००० रात्री मोजा. खोटे भोंगे ३०, खरा जेमतेम १. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने भोंगा खरा असण्याची शक्यता सुमारे ३ टक्के उरते. अशा आवाजाला अंथरुणातून न उठणारा शेजारी बेपर्वा आहे असे म्हणता येणार नाही. तो, नकळत का होईना, संभाव्यतेचा हिशेब बरोबर करतो आहे.

मग संवेदक सुधारावा, असे कोणी म्हणेल. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की पक्ष्यांच्या थव्याचा, हे ठरवताना अभियंत्यांसमोर हाच पेच होता. त्यातून संकेत-शोधनाचा सिद्धान्त उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की संवेदक तोच ठेवून केवळ उंबरठा हलवला, तर खोटे इशारे कमी होतात तेव्हा चुकलेले खरे इशारे वाढतात. मोटारीतला धक्का-संवेदक तर फार साधा. त्याला कंपन कळते, हेतू कळत नाही. मांजराने बॉनेटवर मारलेली उडी आणि चोराने काचेवर घातलेला घाव यांतला फरक त्याच्या लेखी केवळ तीव्रतेचा.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि तिचा दोष मुलाच्या खोटेपणाला देतो. श्लोमो ब्रेझनिट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये खोट्या इशाऱ्यांच्या मानसशास्त्रावर ग्रंथच लिहिला. इशारा देणारा प्रामाणिक असला तरी फोल ठरलेला प्रत्येक इशारा पुढच्या इशाऱ्याची पत कमी करतो. त्यात शेजाऱ्यांच्या संख्येची भर पडते. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत भिंतीच्या झरोक्यातून धूर सोडला गेला. एकटा बसलेला विद्यार्थी ७५ टक्के वेळा उठून सांगायला गेला. तिघे एकत्र असता केवळ ३८ टक्के गटांतून कोणीतरी उठले. सोबतचे दोघे मुद्दाम निश्चल बसवलेले असता प्रमाण १० टक्क्यांवर आले. भोंगा शेकडो खिडक्यांना एकाच वेळी ऐकू जातो, ही त्याची ताकद समजली जाते. या प्रयोगाच्या उजेडात तीच त्याची दुबळी बाजू ठरते. शिवाय चोराला हे सारे ठाऊक असते. रात्री वाजणाऱ्या भोंग्याकडे कोणी फिरकत नाही, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिलेले नसते.

इमोबिलायझर या उपकरणाची कल्पना नेमकी याच ठिकाणी वेगळी आहे: त्याला शेजाऱ्यांची गरजच नाही. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बॅटरी नसलेली इवलीशी चिप असते आणि कुलपाभोवती तारेचे वेटोळे. किल्ली लावली की वेटोळ्यातील बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे (वारंवारिता बहुधा १२५ किलोहर्ट्झ) चिपमध्ये वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. गाडीचा संगणक एक यादृच्छिक संख्या विचारतो, चिप आपल्या गुप्त अंकांनी तिच्यावर प्रक्रिया करून उत्तर पाठवते, आणि उत्तर जुळले नाही तर इंजिन सुरू होत नाही. तारा जोडून गाडी सुरू करण्याचे चित्रपटांतले दृश्य या चिपने जवळजवळ इतिहासजमा केले.

युरोपीय संघाने ९५/५६ या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून सर्व नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने जुलै २००१ मध्ये आणि कॅनडाने सप्टेंबर २००७ मध्ये तेच केले. मघाशी म्हटलेली अनुकूल परिस्थिती ती हीच. गाडीत उपकरण असावे की नाही हे आता कायदा ठरवत होता, मालकाची धास्ती नव्हे. यान व्हान ऊर्स आणि बेन व्होलार्ड या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्समधील नोंदी तपासून २०१६ मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले. १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे मोटारचोरीचा दर सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटला, आणि जुन्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्या या हिशेबात धरलेल्या आहेत. टळलेल्या प्रत्येक चोरीमागे खर्च सुमारे १,५०० युरो. इंग्लंड व वेल्समधील गुन्हे-सर्वेक्षणावर आधारलेल्या २०११ च्या एका अभ्यासातही सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर हेच विशेष परिणामकारक ठरले. अलार्मचे मोल दिसते ते प्रामुख्याने या दोहोंच्या जोडीला. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली चोऱ्या सुमारे ७,४०० वर आल्या होत्या. या घसरणीचे सारे श्रेय एका चिपला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण तिचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेने मात्र ही सक्ती कधीच केली नाही, आणि त्यामुळे उलट दिशेचा प्रयोगही पाहायला मिळाला. २०१५ सालच्या मॉडेलांत इतर उत्पादकांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता. तेथील ह्युंदाई आणि किया गाड्यांत तो २६ टक्क्यांतच. २०२१ च्या सुमारास या गाड्या कशा पळवायच्या याच्या चित्रफिती टिकटॉकवर पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. तिच्यात दोन गोष्टी होत्या: भोंगा ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल, आणि किल्ली कुलपात असल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. पुढे चोरीचे दावे निम्म्याहून अधिक घटले. या यशात दुप्पट लांबलेल्या भोंग्याचा वाटा किती असेल, याविषयी माझे मत वाचकाला एव्हाना कळले असेलच. पण तोडफोडीचे दावे मात्र कमी झाले नाहीत, उलट वाढले. सुधारणा बाहेरून दिसत नाही, म्हणून चोर काच फोडून आत शिरत, गाडी सुरू होत नाही हे पाहून निघून जात. रोखणे आणि परावृत्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्वच्छ दिसते. खिडकीशी लुकलुकणारा लाल दिवा परावृत्त करू शकतो, पण तोही बहुधा चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतो.

इमोबिलायझर अभेद्य आहे असेही नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी मोटारींच्या किल्ल्यांतील ४० बिटांचे सांकेतिक कुलूप फोडून दाखवले. २०११ मध्ये झुरिचच्या ईटीएच संस्थेतील गटाने खिशातली बिनकिल्लीची किल्ली दुरूनच 'लांबवता' येते हे सिद्ध केले: एक साथीदार मालकाजवळ, दुसरा गाडीजवळ, मधे संदेश पोचवणारी उपकरणे. तपासलेली दहाही मॉडेले फसली. यावरचा उपाय प्रकाशाच्या वेगात आहे. संदेशाला जाऊन यायला किती वेळ लागला ते अल्ट्रा-वाइडबँड लहरींनी मोजायचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे दूर असलेली किल्ली जवळ असल्याचे सोंग आणू शकत नाही.

भारतात बहुतेक नव्या मोटारींत चिपची किल्ली असते. मारुतीच्या काचेवरचे 'आय-कॅट्स'चे लेबल अनेकांनी पाहिले असेल. पण आपल्याकडे चोरीस जाणाऱ्या वाहनांत मोठा भरणा दुचाकींचा आहे, आणि तिथे अजूनही बाजारातून आणून लावलेल्या, स्पर्श होताच किंचाळणाऱ्या अलार्मवर भिस्त दिसते. त्याची किंमत कोण मोजतो तेही पाहावे. एक मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेत ३० मीटरवर सुमारे ८० डेसिबल उरतो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

विम्याची सूट हा आपल्याकडचा दुसरा दुवा. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफनुसार पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, सूट मिळे. विमा-विक्रेते आजही तीच सूट सांगतात. उपकरण कोणत्या जातीचे आहे यावर ती अवलंबून नाही. चाळीस टक्के चोऱ्या टाळणारी मूक चिप असो वा गल्ली जागवणारा भोंगा, दोघांनाही तेच अडीच टक्के.