मुळशी सत्याग्रह
मुळशी सत्याग्रह : (१९२१–२४). मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरविण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटा कंपनीने बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध तेथील मावळ्यांनी केलेला लढा. नीला व मुळा या नद्यांच्या संगमावरील या धरणामुळे खोऱ्यातील सु. ५० गावे बुडणार होती.

मुंबईच्या गिरण्या प्रारंभी वाफेवर चालत व त्यांसाठी दगडी कोळसा दूरवरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून कोकणाच्या बाजूस सोडल्यास स्वस्त वीज मिळते, हे टाटांच्या खोपोली येथील केंद्राने १९१५ मध्ये दाखवून दिले. मुळशीची योजना हा त्याचाच पुढील टप्पा होय. मुळशी खोरे आंबेमोहोर तांदळासाठी प्रसिद्ध होते. तेथील जमिनी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी संपादन करण्याचे ठरविले.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, न. चिं. केळकर प्रभृतींनी त्यात भाग घेतला. शेतकरी स्त्रीपुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही काळ थांबले. परंतु ते पुन्हा सुरू होताच लढ्याचे दुसरे पर्व सुरू झाले व अनेकांना तुरुंगवास घडला. याच लढ्यामुळे बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

लढ्याच्या अपयशाचे एक कारण खोऱ्यातील जमीनधारणेत होते. बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांकडे गेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने जमीन ही पैशांत मोजता येणारी वस्तू होती. वाजवी मोबदला मिळाल्यास ती सोडण्यास त्यांपैकी अनेकांची हरकत नव्हती. ती कसणाऱ्या कुळांना मात्र ते मोल पुरेसे नव्हते. त्यामुळे ‘धरण नको’ ही मूळ मागणी मागे पडून मोबदल्याची चर्चा पुढे आली.

१९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. गिरण्यांना वीज मिळाली. मावळ्यांची गावे पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या संघटित लढ्यांत मुळशीचा लढा जगातील आरंभीचा गणला जातो. विस्थापितांच्या पुनर्वसनाचे दायित्व स्वीकारणारा महाराष्ट्र शासनाचा कायदा त्यानंतर सु. अर्धशतकाने, १९७६ मध्ये झाला.