जवस, कापूस आणि गाडीवरचे ओरखडे

१/ सावलीत निर्दोष दिसणारी गाडी परभणीच्या वैशाखातल्या उन्हात उभी करावी. बोनेटवर सूर्याचे प्रतिबिंब पडते आणि त्याभोवती कोळिष्टकासारखी बारीक रेषांची जाळी उमटते. हे ओरखडे येतात कोठून, ते घालवताना नेमके काय घडते, आणि या चकाकीच्या इतिहासाशी काळ्या मातीतल्या दोन पिकांचा कोणता संबंध आहे, याविषयी हा थ्रेड.

२/ आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ओरखडा हा डाग नव्हे. डाग वर चढलेला असतो, म्हणून तो पुसता येतो. ओरखडा म्हणजे रंगात पडलेली चर. ती घालवायची तर भोवतालचा सारा पृष्ठभाग चरीच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. शेतातला खड्डा बुजवण्यासाठी बाहेरून माती न आणता सगळे शेतच खरवडून काढावे, तसा हा प्रकार आहे.

३/ खरवडून चकाकी आणण्याची ही रीत मराठवाड्याला नवी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवसांत बैलांची शिंगे साळली जातात, मग त्यांवर हिंगूळ चढतो, बेगड लागते. वर्षभराचे चरे शिंगाच्या वरच्या पापुद्र्याबरोबर निघून जातात. पुढच्या पोळ्याला पुन्हा तेच. शिंग बुडाकडून वाढत राहते, म्हणून हा व्यवहार परवडतो.

४/ वाहनाला आरशासारखी चकाकी हवी, ही कल्पना युरोपातील घोडागाड्यांबरोबर रुजली. त्यांचे व्हार्निश राळ आणि जवसाचे तेल एकत्र कढवून बनत असे. जवसाचे तेल नुसते सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि कठीण, पारदर्शक पापुद्रा धरते. पण त्याला वेळ लागतो. एकावर एक अनेक हात, आणि मधल्या प्रत्येक हातानंतर पाण्याबरोबर प्युमिस दगडाच्या पुडीने घासणे. एक गाडी रंगवण्यात कित्येक आठवडे जात.

५/ हे जवस येत होते कोठून? एकोणिसाव्या शतकात ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या प्रमुख देशांत रशियाबरोबर हिंदुस्थान होता. जवस हे दख्खनच्या काळ्या मातीतले जुने रब्बी पीक. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून मनमाड–हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग गेला. परभणी त्याच मार्गावर आहे. गोदाकाठचा गळिताचा माल आणि कापूस यांना त्यामुळे मुंबई बंदराची वाट मोकळी झाली.

६/ मोटारी कारखान्यात धडाधड तयार होऊ लागल्या तेव्हा जवसाच्या तेलाची संथ गती अडचणीची ठरली. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी केवळ काळ्या रंगात विकली. त्यामागे लवकर सुकणारा आणि स्वस्त पडणारा काळा रंग हे मोठे कारण मानले जाते. रंगीत गाडी हवी असेल तर मात्र आठवडे मोजावे लागत.

७/ ही कोंडी फोडली कापसाने. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज जगापुढे आणले. ते प्रथम गाजले स्फोटक म्हणून. पहिल्या महायुद्धात त्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपले, मागणी आटली, आणि ड्युपाँ कंपनीने त्याच पदार्थापासून फवारता येणारा रंग तयार केला. त्याचे नाव ‘ड्यूको’.

८/ १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर तो निळ्या रंगात आणला. आठवड्यांचे काम तासांवर आले. ज्या कापसाच्या तंतूंनी तोफगोळे उडाले, तेच आता मोटारींच्या अंगावर चकाकू लागले. भारतात तर ‘ड्यूको’ हे नाव इतके रुळले की फवाऱ्याने दिलेल्या गुळगुळीत रंगालाच लोक ड्यूको म्हणू लागले. लाकडी कपाटही ‘ड्यूको’ होऊ लागले.

९/ पण ड्यूकोची एक खोड होती. फवारल्यानंतर तो मंद दिसे. चकाकी आणण्यासाठी तो बारीक कणांच्या लेपाने घासावाच लागे. ज्याला आपल्याकडील गॅरेजात आजही ‘रबिंग’ म्हणतात, ते काम येथे रंगकामाचा नेहमीचा भाग बनले. घासणे हा आता निव्वळ दुरुस्तीचा उपाय राहिला नाही. गाडी जन्माला येतानाच घासली जाऊ लागली.

१०/ या घासण्याची किंमत माणसांनी मोजली. त्या काळच्या रंगांत शिसे असे. कोरड्या काचकागदाने घासताना उडणारी विषारी धूळ कामगाराच्या छातीत जाई. १९२१ मध्ये थ्री-एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा कागद बाजारात आणला. पाण्यामुळे धूळ बसली आणि घासही नितळ येऊ लागला. गॅरेजातले कारागीर आज काळा ‘पॉलिश पेपर’ पाण्यात बुडवून वापरतात, त्याचा उगम येथे आहे.

११/ परभणीचा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये आजच्या एस.टी. महामंडळाची घडी बसली. गावोगावच्या माणसाने मोठी, रंगीत, चकाकणारी वस्तू जवळून पाहिली ती बहुधा बसच.

१२/ त्या काळातील रंग एकथरी होते. वरपासून खालपर्यंत तोच रंग. उन्हाने वरचा भाग विटून खडूसारखा पांढुरका होई, आणि घासले की खालचा ताजा रंग वर येई. अशी गाडी घासताना फडक्याला गाडीचा रंग लागतो. गाडी एकथरी आहे की नाही, हे ओळखण्याची ती खूण जुने कारागीर अजून वापरतात.

१३/ १९८० नंतर जगभर दुसरी पद्धत स्थिरावली: खाली पातळ रंग आणि त्यावर रंगहीन पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हा थर ना जवसाचा, ना कापसाचा. तो खनिज तेलापासून बनवलेल्या कृत्रिम राळेचा असतो. चकाकी खोल झाली, आणि त्याच खोलीमुळे प्रत्येक बारीक चर दिसू लागली. बैलगाडीच्या लाकडावर असे ओरखडे कोणी मोजले नव्हते.

१४/ हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस त्याहून जाड भरतो. एका जोरदार रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की रंगाचे छत्र हरपते. टपावरचे पापुद्रे सुटू लागतात, ते बरेचदा यामुळे.

१५/ आता परभणीची धूळ. काळ्या मातीतली चिकणमाती स्वतः मऊ असते. पण दख्खनच्या कातळातल्या पोकळ्यांत गारगोटी तयार होते. ती झिजून तिचे सूक्ष्म कण मातीत मिसळतात. गारगोटीवर पोलाद आपटले की ठिणगी पडते, इतकी ती कठीण. असे कण बसलेल्या बोनेटवर सकाळी कोरडा फडका फिरवणे म्हणजे काचकागद फिरवणेच होय. गाडीची निगा राखणारा हातच तिच्यावर बहुतेक ओरखडे पाडतो.

१६/ मग जाळी गोल का दिसते? ओरखडे सर्व दिशांना असतात. परंतु प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेलेच डोळ्याकडे प्रकाश फेकतात, आणि ते सूर्यबिंबाभोवती वर्तुळात मांडल्यासारखे भासतात. मान हलवली की वर्तुळही सरकते. ओरखडे तेथेच असतात. फक्त उजळणारे बदलतात.

१७/ या इतिहासातून उपचाराचा क्रम आपोआप निघतो. आधी भरपूर पाण्याने धूळ उतरवावी, मगच हात लावावा. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडले तर चर खोल आहे, आणि तेथे घासण्यापेक्षा रंग भरणे बरे. नख न अडले तर सावलीत, थंड पत्र्यावर, सर्वांत सौम्य लेपाने हातभर जागा करून पाहावी. तेवढ्याने भागले तर कठोर कंपाउंडला हात लावू नये.

१८/ बोअरचे पाणी अंगावर वाळू देऊ नये. त्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात, आणि ते काढण्यासाठी पुन्हा घासावे लागते. मेणाचे पॉलिश चर भरून काढते, त्यामुळे ती काही काळ दिसत नाही. पण मेण धुऊन गेले की ती पुन्हा वर येते. विक्रीला काढलेली जुनी गाडी पाहताना हे ध्यानात ठेवावे.

१९/ एक गोष्ट मात्र १९२१ पासून सुटलेली नाही. आजच्या पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारताना ते श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. योग्य मुखवटा आणि मोकळी हवा यांऐवजी तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारा कारागीर लहान गावांत अजून दिसतो. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. गाडी रंगायला टाकताना किमतीबरोबर मुखवट्याचीही चौकशी करावी.

२०/ जवस मागे पडले, कापूस मागे पडला, आणि दोन्ही पिके घेणारी माती आता धूळ होऊन गाडीवर बसते. एमएच-२२ पाटीची कोणतीही गाडी तिच्यातूनच धावणार, तेव्हा चार बारीक रेषा येणारच. त्यांतल्या किती घालवायच्या, हे आधी ठरवावे. बैलाचे शिंग पुढच्या पोळ्यापर्यंत वाढते. क्लिअर कोट वाढत नाही.

(समाप्त)