तरुण खेळाडूंमध्ये कमी टेस्टोस्टेरॉन: आधी वजन पाहा
पहिलवान किंवा वेटलिफ्टर तरुणाच्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आले, तर आधी वजनाकडे पाहा. जास्त चरबी या हार्मोनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. उलट, वजनगटात बसण्यासाठी जेवण फार तोडल्यास मेंदूकडून वृषणांना मिळणारा संदेशच मंदावतो. दोन्हींत थकवा येतो, कामेच्छा कमी होते.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासणी करा.

जिममध्ये मिळणारी इंजेक्शने स्वतःहून घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास शुक्राणू बनणे थांबू शकते. पूर्वी घेतली असल्यास डॉक्टरांपासून लपवू नका. आहार आणि वजन योग्य झाल्यावर अनेकांमध्ये टेस्टोस्टेरॉन औषधाविना वाढते. न वाढल्यास हार्मोनतज्ज्ञांना भेटा.